आजचा अभ्यास : त्वचा
पाच ज्ञानेंद्रियांत सर्वांत मोठं इंद्रिय म्हणजे त्वचा. तिचे थर तीन. वरचा थर जंतू अडवतो आणि साधारण महिन्याभरात नवा होतो. मधल्या थरात घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या, स्पर्शाच्या नसा. खाली चरबी, ती ऊब राखते.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नये. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं, ६ ते १२ महिन्यांत रोग बरा होतो. घरच्यांनी टाकलेल्या अशा रुग्णांसाठीच बाबा आमटेंनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं.

शिवाजी नगरच्या आपल्या घरांत आज एकमेकांची पाठ पाहू या. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही.