अंत्यसमयीचा निर्णय कोणाचा?

अंबाजोगाईचे सरकारी रुग्णालय असो वा लातूरचे खाजगी, अतिदक्षता विभागाच्या दाराशी एक प्रश्न नित्य विचारला जातो : "रुग्णास कृत्रिम श्वासयंत्र लावावे काय?" मुलगा होय म्हणतो, जावई नको म्हणतो. ज्याच्या देहाचा प्रश्न, तो मात्र बेशुद्ध असतो. होकार दिला तर शेत गहाण पडण्याचे भय. नकार दिला तर "बापाचा उपचार तोडला" हा बोल जन्माचा लागतो.

या प्रश्नाकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या दुर्दैवाने. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला व मेंदूस इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना अन्न देणे थांबवावे, अशी विनंती लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयास केली. रुग्णालयातील सेवकवर्गाने तीस विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती नाकारली. तथापि कडक अटींवर निष्फळ उपचार थांबविता येतील, हे तत्त्व मान्य केले. दोन्ही पक्ष अरुणाताईंचे हितच चिंतीत होते. परंतु त्यांची स्वतःची इच्छा सांगणारा लेख न्यायालयापुढे नव्हता.

ही उणीव भरून काढणारे साधन म्हणजे आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र होय. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यास मान्यता दिली व २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी केली. सज्ञान व विचारक्षम मनुष्याने ते स्वेच्छेने लिहावे. आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू आप्तांची नावे त्यात घालावी. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावे. मन पालटल्यास ते केव्हाही लेखी रद्द करता येते.

यास आत्महत्येची परवानगी समजणे चूक होय. औषध टोचून प्राण घेणे हा आजही गुन्हाच आहे. आजार असाध्य असून रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ असेल, तेव्हाच या पत्राचा विचार होतो. डॉक्टरांची दोन मंडळे एकामागून एक प्रकरण तपासतात, आणि अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यास कळवावे लागते. यंत्र काढले तरी वेदना शमविण्याचे उपचार व सेवा चालूच राहतात. अर्थात, खर्चाच्या धाकाने किंवा कोणाच्या दडपणाने हे पत्र कोणीही लिहू नये.

विद्यार्थीमित्रहो, अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी तुम्हांस असे पत्र करता येत नाही. परंतु आजीआजोबांजवळ बसून त्यांचे मन जाणून घेता येते. पालकांसही आमची विनंती आहे. आपल्या घरांत शेतीच्या वाटणीची बोलणी उघडपणे होतात. मरणाचे नाव मात्र अशुभ म्हणून टाळले जाते. ते टाळल्याने मरण टळत नाही; निर्णयाचा भार तेवढा मुलांच्या माथी पडतो. धडधाकट असता दोन शब्द स्पष्ट बोलून ठेवणे, ही आपल्या मुलांवरील मायाच होय, असे आम्हांस वाटते.