पोटाचे दुखणे : वारसा किती, वळण किती?

'आमच्या घराण्यातच पोट नाजूक आहे,' हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. आईला जो त्रास होता तोच आपल्यालाही जडला, म्हणजे तो रक्तातूनच आला असणार, असे आपण गृहीत धरतो. 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' अर्थात आय.बी.एस. या विकाराबाबत हा समज कितपत खरा आहे, ते पाहू या.

या विकारात पोट वारंवार दुखते आणि शौचाच्या सवयी बदलतात. कोणास जुलाब होतात, कोणास बद्धकोष्ठता, तर कोणास दोन्ही आलटून पालटून. नेहमीच्या तपासण्यांत आतड्यांत दोष आढळत नाही. मेंदू व आतडी यांच्यातील संदेशांची देवाणघेवाण बिघडलेली असते.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुळ्या भावंडांची पाहणी करण्यात आली. एकास हा विकार असता दुसऱ्यासही तो असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत १७.२ टक्के, तर द्विबीज जुळ्यांत ८.४ टक्के आढळले. यावरून आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट होतो. परंतु सर्व जनुके समान असूनही बहुसंख्य एकबीज जुळ्यांत दुसरे भावंड या विकारापासून मुक्त होते. शिवाय, विकारग्रस्त द्विबीज जुळ्यांपैकी १५.२ टक्के व्यक्तींच्या मातेस हा विकार होता. जुळ्या भावंडास तो असण्याचे प्रमाण मात्र ६.७ टक्केच होते. माता आणि द्विबीज भावंड या दोघांशीही आपली सरासरी निम्मी जनुके जुळतात. तेव्हा हा फरक घरातील वातावरण व दुखण्याकडे पाहण्याची शिकवण यांचा असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

२०२१ मध्ये ५३,४०० रुग्णांच्या जनुकीय माहितीच्या अभ्यासातून या विकाराशी निगडित सहा स्थाने निश्चित झाली. त्यांपैकी चार स्थानांतील जनुकांचा संबंध मज्जासंस्थेशी वा चिंता आणि मनोवस्थेच्या विकारांशी आहे. मात्र एकेका स्थानाचा परिणाम अत्यल्प असतो. त्यामुळे केवळ जनुकीय चाचणीवरून या विकाराचे निदान होत नाही.

वारशाने आलेली ठेव कशी वापरावी, हे जसे वारसदाराच्या हाती असते, तसेच येथेही आहे. नियमित भोजन, पुरेशी झोप, व्यायाम, त्रासदायक पदार्थांची वैद्यकीय सल्ल्याने पारख आणि मनावरील ताणाचे नियोजन यांनी बराच आराम पडू शकतो. मुलांसमोर पोटाच्या तक्रारींचा सतत बाऊ न करणे, हेही पालकांचे कर्तव्यच ठरते.

मात्र 'हे घरचेच दुखणे' म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. शौचातून रक्त जाणे, अकारण वजन घटणे, रक्तक्षय, झोपेतून उठविणारे जुलाब, पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेला त्रास किंवा कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असल्यास विनाविलंब तज्ज्ञांना भेटावे. घराण्याचा इतिहास डॉक्टरांना अवश्य सांगावा. निदान मात्र त्यांनाच करू द्यावे.