फेअरफील्डची डोंगरफेरी

प्रश्न : जूनमध्ये मुलाकडे मँचेस्टरला जातोय. वय 61, सह्याद्रीत नियमित चढतो. लेक डिस्ट्रिक्टमधला ‘फेअरफील्ड हॉर्सशू’ एका दिवसात झेपेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नियमित चढत असाल तर जरूर झेपेल. अंतर सुमारे 16 किलोमीटर, एकूण चढाई जवळपास 1000 मीटर. सात-आठ तास हाताशी ठेवा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

अँबलसाइडहून रायडल गाठा आणि नॅब स्कारचा खडा चढ ताज्या दमात उरकून घ्या. पुढे हेरन पाइक, ग्रेट रिग करत फेअरफील्डचा माथा. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला हेल्व्हेलिन, पश्चिमेला स्काफेल पाइक आणि दक्षिणेला विंडरमियरचं लांबलचक पाणी दिसतं. इथे मनसोक्त थांबा.

कळसूबाई 1646 मीटर, म्हणून 873 मीटरचा हा माथा किरकोळ समजू नका. तो सपाट आहे, त्यावर दगडांच्या राशी अनेक आणि उत्तरेला सरळ कडे. धुक्यात राशींवर विसंबू नका. कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच.

उतरताना हार्ट क्रॅग, डव्ह क्रॅग, हाय पाइक, लो पाइक. डव्ह क्रॅगपासून दगडी भिंत खालपर्यंत सोबत करते. म्हणूनच मी ही दिशा सुचवतो. लो पाइकखाली भिंतीलगत एक अवघड खडक आहे. तिथे वळशाची वाट घ्या.

पावसाळी जाकीट, स्वेटर न्याच. परतीची वेळ मुलाला सांगून निघा. अपघात झाल्यास 999 लावून पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा.