तान्ह्या बाळाची उलटी : दुर्बीण की चिरा?

काही वर्षांपूर्वी आमच्या बँकेच्या खिडकीवर एक तरुण बाप मुदत ठेव मोडायला आला. महिन्याचे बाळ पाजलेले सारे दूध उलटून टाकत होते. "साहेब, पोटाला चिरा द्यावा लागेल म्हणतात. दुर्बिणीने केलेले बरे ना?" त्याने विचारले. मी कला शाखेचा पदवीधर, काय सांगणार? पुढे वाचून व जाणकारांना विचारून जे समजले, ते येथे मांडत आहे.

जठरातून अन्न जेथून आतड्यात उतरते, तेथे स्नायूचे एक कडे असते. काही बालकांत जन्मानंतर ते जाड होत जाते व वाट बंद होऊ लागते. यास 'पायलोरिक स्टेनोसिस' म्हणतात. त्रास बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतो. मुलींपेक्षा मुलग्यांत प्रमाण सुमारे चौपट असते. उलटी पिचकारीसारखी दूर उडते, हिरवी नसते, आणि लगेच बाळ पुन्हा भुकेने रडते. पोटात सुपारीएवढी गाठ हाताला लागू शकते. सोनोग्राफीत निदान पक्के होते. (उलटी हिरवी असेल तर कारण वेगळे व अधिक तातडीचे असू शकते.)

जर्मन शल्यविशारद रामस्टेट यांनी १९११ मध्ये यावर सोपी शस्त्रक्रिया केली. जाड स्नायू लांबीच्या दिशेने कापायचा, आतले अस्तर शाबूत ठेवायचे. आजही मूळ काम तेच आहे. फरक आहे तो तेथवर पोहोचण्याच्या वाटेचा. एका पद्धतीत पोटावर किंवा बेंबीलगत चिरा देतात. दुसरीत बारीक छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे घालतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले; पुढे ही विद्या देशभर पसरली. १९९१ पासून या बालरोगासाठीही ती वापरल्याचे अहवाल परदेशांतून प्रसिद्ध झाले.

२००९ मध्ये १८० बालकांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुर्बिणीच्या गटात पूर्ण दूध पचू लागण्यास सुमारे १८.५ तास लागले, चिऱ्याच्या गटात २३.९ तास. शस्त्रक्रियेनंतरचा मुक्काम अनुक्रमे ३३.६ व ४३.८ तासांचा होता. म्हणजे फायदा खरा, पण काही तासांचा. व्रणही लहान राहतो. उलट, स्नायू अपुरा कापला जाण्याचा धोका दुर्बिणीत थोडा अधिक असल्याचे काही अभ्यास सांगतात. म्हणून हात किती सरावलेला आहे, हे महत्त्वाचे.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. सततच्या उलट्यांनी बाळाच्या शरीरातील पाणी, क्लोराईड व पोटॅशियम घटते. ते सलाईनने भरून काढल्याशिवाय भूल देणे धोक्याचे असते. दोन्ही पद्धतींत भूल लागतेच. त्या बापाचे दोन दिवस दृष्ट काढण्यात व दोन दिवस पैशांची जुळवाजुळव करण्यात गेले होते. बाळ इतके सुकले, की आधी सलाईन देत थांबावे लागले. शेवटी चिरा देऊनच शस्त्रक्रिया झाली, आणि बाळ बरे झाले.

जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या खेड्यांतील आई-बापांनी एवढे ध्यानी ठेवावे : पिचकारीसारखी उलटी, कमी झालेली लघवी आणि न वाढणारे वजन दिसताच बाळाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तेथेच करावी. दुर्बिणीची सोय व सरावलेला हात असेल तर उत्तम. नसेल तर केवळ तिच्यासाठी थांबू नये. चिऱ्याचा व्रण बाळाबरोबर वाढतो व फिकट होतो; गेलेली वेळ मात्र परत येत नाही.