मालमोटारीचे दिवे अधूनमधून का विझतात?

धाराशिव जिल्ह्यातून दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळा या मार्गाने बीडकडे जाणारा क्रमांक 52 चा एक आणि नळदुर्ग, उमरगा या मार्गाने हैदराबादकडे जाणारा क्रमांक 65 चा दुसरा. ऊस गाळपाच्या हंगामात या रस्त्यांवर आणि त्यांना मिळणाऱ्या गावरस्त्यांवर रात्रभर मालमोटारी, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या आणि बैलगाड्या चालू असतात. नवरात्रात व कोजागिरीच्या सुमारास तुळजापूरकडे पायी निघालेल्या भाविकांची त्यांत भर पडते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर अंतर कापते. तेवढा एक सेकंद समोरचे दिवे गेले तर काय होऊ शकते, हे चालकबंधूंना सांगावयास नको.

दिवा कायमचा बंद पडला तर दोष सापडणे सोपे असते. खरी परीक्षा घेतो तो दिवा खड्ड्यात आदळताच विझतो, पुढच्या वळणावर आपोआप लागतो आणि गॅरेजमध्ये गाडी उभी केली की शहाण्यासारखा जळत राहतो. अशा वेळी बल्ब बदलून पाहण्याची प्रथा आहे. तिने बल्बविक्रेत्याखेरीज कोणाचेही भले होत नाही. दोष बहुधा बल्बमध्ये नसून बल्बपर्यंत येणाऱ्या किंवा तेथून परत जाणाऱ्या वाटेत असतो.

म्हणून हत्यार हाती घेण्यापूर्वी चालकाकडून नीट माहिती घ्यावी. दोन्ही बाजूंचे दिवे, अप्पर आणि डिपर दोन्ही, एकदमच जात असतील तर दोष सामाईक वाटेवर, म्हणजे मुख्य स्विच, रिले, बॅटरीकडून येणारी तार किंवा सामाईक अर्थ यांत शोधावा. दोन्ही बाजूंचा फक्त अप्पर जात असेल तर डिपर स्विच व अप्परचा रिले तपासावा. एकाच बाजूचे दोन्ही प्रकाश जात असतील तर त्या बाजूचा कपलर अथवा अर्थ सैल आहे असे समजण्यास हरकत नाही.

अर्थाचा दोष कधी कधी फार चमत्कारिक रूप घेतो. डिपर लावला असता एका बाजूच्या बल्बच्या दोन्ही तारा मंद तांबूस जळतात आणि डॅशबोर्डावरील अप्परचा निळा दिवाही मिणमिणतो. यात भुताटकी काही नाही. त्या बल्बची अर्थाची वाट तुटलेली असते. मग वीज त्याच बल्बच्या अप्परच्या तारेतून उलटी शिरते आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून चेसिसपर्यंत पोहोचते. हे लक्षण दिसले की थेट अर्थाच्या बोल्टकडे वळावे.

सैल जोडाने किती नुकसान होते याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. मालमोटारीत सामान्यतः 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट मिळवलेले असतात. 75 वॅटचा बल्ब जळत असताना सुमारे 3 अँपिअर वीज घेतो. गंजलेल्या जोडात केवळ 1 ओहमचा अडथळा निर्माण झाला, तर बल्बला 24 ऐवजी जेमतेम 21 व्होल्ट मिळतात आणि प्रकाश जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. शिवाय त्या इवल्याशा जोडात सात वॅटांहून अधिक उष्णता तयार होते. काळवंडलेला, वितळलेला होल्डर हा या उष्णतेचाच पुरावा होय.

तपासणी करताना दिवा चालू ठेवणे अत्यावश्यक आहे. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी दिवा बंद असताना मीटर पूर्ण 24 व्होल्ट दाखवतो आणि तपासणारा फसतो. दिवा लावून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे बल्बच्या अर्थाच्या पिनेवर ठेवावे. तेथे अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास अर्थाची वाट खराब आहे. त्याचप्रमाणे बॅटरीचे धन टोक आणि बल्बची चालू पिन यांच्यामध्ये मोजावे. एक व्होल्टाहून अधिक फरक असल्यास स्विच, रिले, कपलर असे टप्प्याटप्प्याने मोजत जावे म्हणजे दोषी जोड आपोआप सापडतो. मीटर नसेल तर टेस्ट लँपही चालेल. तो थोडी वीज ओढत असल्यामुळे अशा कामात नुसत्या मीटरपेक्षा कधी कधी अधिक खरे बोलतो.

यानंतर एकाने दिव्यासमोर उभे राहावे व दुसऱ्याने वायरिंगचा जुडगा वीतवीत हलवत जावे. पत्र्याच्या भोकातून तार जाते ती जागा, स्टिअरिंगखालील वळण आणि केबिन पुढे कलणारी असल्यास बिजागरीजवळचा जुडगा येथे तार घासण्याचा संभव सर्वाधिक. केबिन कलवल्यावर तिचा आडणा पक्का बसला आहे याची खात्री केल्याशिवाय खाली डोके घालू नये.

पंधरावीस मिनिटे चालल्यावर दिवे जाऊन थोड्या वेळाने परत येत असतील तर कारण वेगळे असते. काही गाड्यांत फ्यूजऐवजी तापल्यावर उघडणारा सर्किट ब्रेकर असतो. तो थंड झाला की पुन्हा जोडला जातो. अधिक वॅटचे बल्ब बसवल्याने किंवा कोठेतरी तार चेसिसला टेकू लागल्याने तो तापतो. यावर मोठा फ्यूज घालणे किंवा फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे हा उपाय नसून आगीला आमंत्रण आहे.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे. अर्थाच्या बोल्टाखालचा रंग व गंज चकचकीत होईपर्यंत खरवडून, दातेरी वॉशर घालून तो घट्ट करावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळण्याचा शिरस्ता सोडला पाहिजे. आपल्याकडील धूळ आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या पट्टीखाली सहज शिरते. झाळलेला किंवा नीट दाबून बसवलेला जोड व त्यावर नळी हेच योग्य. तार पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे हवेच. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये.

शेवटी इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्टेज मोजावे. ते सुमारे 28 असावे. 30 च्या पलीकडे जात असेल तर आल्टरनेटरचा रेग्युलेटर दुरुस्त करून घ्यावा, अन्यथा नवे बल्बही लवकरच जातील.

वाटेतच दिवे गेले तर प्रथम डिपर स्विच हलवून पाहावा, कारण दुसरी तार शाबूत असू शकते. जोराने ब्रेक न दाबता वेग उतरवावा, इशारादर्शक दिवे लावून गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी आणि मागे चमकता त्रिकोण ठेवावा. उजाडेपर्यंत खेप थांबली तरी चालेल. ऊस सकाळीही काट्यावर लागतो.