माहितीपट पाहायचा, पण सुरुवात कोणत्यापासून?

प्रश्न : माहितीपट लावला की घरचे उठून जातात. सगळ्यांनी बसून पाहावा आणि नंतर बोलावं, असा कोणता सुचवाल?

उत्तर : शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) आधी लावा. दिल्लीत मांज्याने कापलेल्या, विषारी हवेतून खाली कोसळणाऱ्या घारींवर घरच्या तळघरात उपचार करणाऱ्या दोन भावांची ही दीड तासाची गोष्ट. निवेदकाचा उपदेश नाही. कॅमेरा उंदीर, डुकरं, साचलेलं पाणी शांतपणे दाखवत राहतो आणि शहर नेमकं कुणाचं, हा प्रश्न आपोआप पडतो. हिंदीत असल्याने आजी-आजोबांनाही अडचण नाही.

मग आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून पुढे चौदा वर्षं चित्रीकरण चाललं. लांबी बरीच आहे, म्हणून दोन बैठकींत पाहा, पण गाणी पुढे ढकलू नका. या चित्रपटातला युक्तिवाद शाहिरीतूनच उभा राहतो. मराठी माणसाने पाहिलाच पाहिजे असा हा माहितीपट आहे, असं माझं ठाम मत आहे. मुलं लहान असतील तर आधी स्वतः पाहून घ्या.