दम लवकर परततो, शीर सावकाश

टाचेमागची शीर, डॉक्टरांच्या भाषेत अकिलीस टेंडन, रुसली आणि माझं धावणं बंद पडलं. अख्खा पावसाळा खिडकीतून पाहिला. पुन्हा बूट बांधले तेव्हा हापूसची कलमं मोहरायला लागली होती. या काळात जे कळलं त्याला शहाणपण म्हणवत नाही. त्यातलं बरंचसं फिजिओने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. कानांनी ऐकलेलं टाचेपर्यंत पोचायला वेळ लागला, इतकंच.

१. शीर नुसत्या विश्रांतीने बरी होत नाही, तिला काम लागतं. फिजिओने पायरीवरचा व्यायाम दिला: चवड्यांवर उभं राहायचं आणि टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. यामागची गोष्ट मला फार आवडते. स्वीडनमधल्या उमिओचे सर्जन हॉकन आल्फ्रेडसन स्वतः धावायचे आणि त्यांची हीच शीर दुखायची. शस्त्रक्रिया करा म्हणाले, तर वरिष्ठांनी नकार दिला. मग एकदाची तुटू दे, म्हणजे करावीच लागेल, अशा हट्टाने त्यांनी दुखऱ्या टाचेवर हा व्यायाम लादला. आणि टाच बरी झाली! १९९८ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी १५ हौशी खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला: १२ आठवडे, रोज १८० वेळा. मी हे अंगणातल्या जांभ्याच्या पायरीवर करायचो. येणारा-जाणारा विचारायचा, "काय हरवलं काय?"

२. सगळ्यात धोक्याचा दिवस म्हणजे ज्या दिवशी झकास वाटतं तो. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत पूर्वीच्या लयीत येतात. शिरेला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे तिला महिने लागतात. हाडांचं तर आणखी गमतीचं: नवा भार आला की शरीर आधी जुनं हाड थोडं कोरून काढतं आणि मग नवं भरतं. मधल्या काळात हाड थोडं कच्चंच असतं. धाप लागत नाही म्हणून आपण खूश, आणि पायात अजून बांधकाम चालू.

३. रत्नागिरीत सपाट जागा शोधावी लागते, हे मला इतकी वर्षं इथे राहून नव्याने कळलं. मारुती मंदिरापासून मांडवीला उतरताना गुडघे हिशेब मागतात, परत चढताना पोटऱ्या आणि टाचा. वाळू मऊ म्हणून सुरक्षित, हाही माझा लाडका समज होता. कोरड्या पुळणीत टाच खोल रुतते आणि नेमकी तीच शीर ताणली जाते. ओली वाळू घट्ट असते, पण समुद्राकडे कललेली; एका दिशेने धावत राहिलं तर एक पाय सतत उतारावर. शेवटी शिवाजी स्टेडियमचं मैदान बरं वाटलं. तिथे दृश्य काही नाही. नसलेलंच बरं, लक्ष पायाकडे राहतं.

४. सुट्टीचा दिवस स्वतः ठरवायचा म्हटला की ठरत नाही. माझा पंचांगाने ठरवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे पहाटे भाट्याची पुळण समुद्राच्या ताब्यात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मात्र पहाटे ओहोटी आणि धावायला हवी तेवढी घट्ट वाळू. टाच वाळूला सरावल्यावर मी भरतीच्या दिवसांत घरी बसायला लागलो. फिजिओने सांगितलेल्या विश्रांतीशी वाद घालता येतो. समुद्राशी कोण घालणार?

५. चालायला धावण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं. सुरुवातीचं वेळापत्रक होतं एक मिनिट धावणे, दोन मिनिटं चालणे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून उतरलेल्या जेफ गॅलोवे यांनी धावता-धावता चालण्याची पद्धत जगभर नेली, तेव्हा तिच्यात कमीपणा नाही हे मला तोंडपाठ होतं. तरी समोरून ओळखीचं कोणी आलं की माझी चालायची मिनिटं अचानक संपायची. नाहीच संपली तर मी बुटाची नाडी बांधायचो. भाट्याला रोज फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी अखेर विचारलं, "नाड्या नवीन घ्या ना?" त्यानंतर मी निमूट चालायला लागलो.

६. धावणं कसं झालं हे त्याच दिवशी कळत नाही. धावताना अंग गरम असतं, मन त्याहून गरम. स्वीडनमध्येच गोथेनबर्गच्या संशोधकांनी एक सोपी मोजपट्टी वापरली: दहापैकी पाचपर्यंत दुखणं चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते ओसरलं पाहिजे. फिजिओने मला तीच दिली. त्यामुळे माझा निकाल आता पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना लागतो. ताठरपणा रोजच्याइतका असेल तर पुढे, जास्त असेल तर मागे. एकदा बायकोने चहाचा कप हातात देत विचारलं, "काय, पास?" घरात आता हाच शब्द चालतो.

७. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम सगळे सांगतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या अभ्यासात मात्र नवख्या धावकांमध्ये असं हळूहळू वाढवल्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. पुढे २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या पाहणीत धोका वेगळ्या ठिकाणी दिसला: गेल्या महिन्यातल्या सर्वात लांब धावेपेक्षा एखादी धाव एकदम बरीच लांबवली की. म्हणजे घात रविवारचा, मित्रांच्या घोळक्यातला! जानेवारीतली कोकण कोस्टल मॅरेथॉन जवळ आली की आमच्या ग्रुपवर कोणीतरी "पावसपर्यंत जायचं का?" विचारतं. मी अंगठा दाखवतो आणि अर्ध्या वाटेतून वळतो.

८. पूर्वीसारखं कधी होणार, हा प्रश्नच जरा चुकीच्या माणसाबद्दल असतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने जुलै २०२४ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटं ९.९१ सेकंदांवर नेला. पुढच्याच जुलैत मोनॅकोत गुडघ्याचं लिगामेंट आणि मेनिस्कस दुखावलं, शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. घड्याळ त्याच्याकडून जुनी वेळ मागणारच, तो त्याचा पेशा आहे. माझ्याकडून ती कोणीच मागत नव्हतं, मीच मागत होतो. आणि ज्याच्याशी बरोबरी करत होतो तो माणूस दुखापत झाली नसती तरी एव्हाना वयाने वाढलाच असता, थोडा मंदावलाही असता. हे लक्षात आल्यापासून मी जुन्या वेळांची वही माळ्यावर टाकली आहे. ती कुठल्या डब्यात आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, पण ते वेगळं.